वॉशर अजून गाळ्यातच आहे

खोटं वाटलं तर खुशाल वाटू द्या. हे खोटं निघालं तर सगळ्यात जास्त आनंद मलाच होईल.

पण मी ज्ञानेश, राहणार मोशी, आणि हे माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. तेही रात्री-बेरात्री नाही. मागच्या श्रावणात, गुरुवारी, भर दुपारी तीन वाजता.

गुरुवारी भोसरी एमआयडीसीला सुट्टी असते. बऱ्याचदा लाईटही नसते. एरवी शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं, पण गुरुवारी स्वतःच्या चपलेचा आवाज ऐकू येतो.

तिथे माझ्या थोरल्या भावाचा, जयदीपदादाचा गाळा आहे. आत दोन पॉवर प्रेस. पत्र्याची पट्टी सरकवायची, पायाने पायडल दाबायचं, की वरचा भाग धाडकन खाली येतो आणि पट्टीतून वॉशर कापून निघतो.

दादाने तिथेच एक गावठी कुत्रा पाळला होता. नावही वॉशरच. गळ्यातल्या दोरीत दोन वॉशर ओवलेले, चालला की किणकिण वाजायचे. दिवसभर दादाच्या पायाशी पोत्यावर पडून असायचा. दादाच्या डब्यातली अर्धी भाकरी त्याची. प्राजक्तावहिनी म्हणायची, "तुमचं लगीन ह्याच्यासंगंच लावायला पायजे व्हतं."

मला ते कुत्रं कधीच आवडलं नाही. आणि त्यालाही मी.

आता जे सांगतो, ते घरात कुणालाच माहीत नाही.

पायडलवर एक लोखंडी कव्हर असतं. चुकून काही पडलं, कुणाचा धक्का लागला, तर प्रेसचा वरचा भाग खाली पडू नये म्हणून. पण त्यात पाय घालायला वेळ जातो. ऑर्डर घाईची होती. मी दोन बोल्ट काढले आणि कव्हर भिंतीला टेकवून ठेवलं. आमच्या लायनीत सगळेच काढतात, राव. दादाला मात्र ते चालायचं नाही, म्हणून त्याला सांगितलं नाही.

त्या दिवशी पट्टी अडकली. दादाने मोटर बंद केली आणि हात आत घातला. मोटर बंद केली तरी प्रेसचं मोठं चाक दोन-तीन मिनिटं फिरत राहतं. तेवढ्यात पायडल दाबलं गेलं, तर प्रेस पडतोच.

वॉशर उठला. आळस दिला...

आणि पुढचा पाय पायडलवर पडला.

दादाची उजव्या हाताची चार बोटं गेली.

त्याला दवाखान्यात सोडून मी आधी गाळ्यावर आलो. कव्हर बसवलं. बोल्ट आवळले. मग सगळ्यांना सांगितलं, कुत्र्याने कव्हरच्या आत तोंड घातलं.

दुसऱ्या दिवशी वॉशरला टेम्पोत घातलं आणि चाकणच्या पुढे हायवेला सोडलं. तो टेम्पोच्या मागे पळत सुटला. मी आरशात बघत होतो. मागून कंटेनर येत होता...

मी थांबलो नाही.

दादा घरी आल्यावर त्याने पहिल्यांदा विचारलं, "वॉशर कुठाय?"

"पळून गेला," मी म्हणालो.

दोन महिन्यांनी दादा परत गाळ्यावर यायला लागला. काम मी करायचो, तो खुर्चीवर बसायचा. सुट्टीच्या दिवशी डाय बदलायची असायची, म्हणजे प्रेसमधला साचा. म्हणून गुरुवारीही आम्ही दोघं तिथेच.

पहिल्या गुरुवारी मी ते पोतं कचऱ्यात टाकायला उचललं...

पोतं गरम होतं.

पत्र्याने तापलं असेल, असं मनाला समजावलं. पण बाहेर सकाळपासून पाऊस होता.

दुसऱ्या गुरुवारी शटरपासून आतपर्यंत आवाज आला...

किणकिण. किणकिण.

मी वळलो. कुणी नव्हतं. दादा खुर्चीत बसला होता. त्याचा थोटा हात खाली लोंबत होता आणि हवेत पुढे-मागे हलत होता.

"दादा, काय करतोयस?"

"कान खाजवतोय त्याचे," दादा शांतपणे म्हणाला. "बोटं न्हाईत तरी चालतंय त्याला."

धक्क्याने डोक्यावर परिणाम झाला असेल, असं वाटलं. वहिनीला सांगायचं ठरवलं, पण सांगितलं नाही. सांगायला गेलो असतो तर सगळंच सांगावं लागलं असतं.

मग तो तिसरा गुरुवार.

लाईट नव्हती. मेन स्विचही मी बंद केला होता. मी डाय बसवत होतो, उजवा हात मनगटापर्यंत आत.

आणि मोठं चाक फिरायला लागलं...

आवाज न करता. हळूहळू.

मला हात काढायचा होता. हात निघेना. कशात अडकला नव्हता, तरी निघेना.

मी खाली बघितलं. पायडलवर कव्हर नव्हतं. ते भिंतीला टेकवलेलं होतं. दोन्ही बोल्ट शेजारी ठेवलेले, अगदी मी ठेवले होते तसेच. दादाच्या एका हाताने ते घट्ट बोल्ट निघणं शक्य नाही. मी काढले नव्हते.

पायडल खाली जायला लागलं...

जवळ कुणीच नव्हतं. नुसती कुत्र्याच्या धापेची गरम वाफ माझ्या पोटरीवर येत होती.

"दादा!" मी किंचाळलो.

"वॉशर," दादा म्हणाला. "सोड त्याला."

पायडल वर आलं. चाक थांबलं. हात मोकळा झाला आणि मी मागे पडलो.

दादा उठला. कव्हरपाशी गेला, बराच वेळ बघत राहिला.

"त्या दिशीबी हे असंच ठिवलं व्हतं का रं, ज्ञाना?"

मी उठून हात पुसायला लागलो.

"आन् त्याला कुठं सोडलंस?"

तेव्हाच खरं बोलायला हवं होतं. अजूनही त्या क्षणाचा विचार आला की स्वतःची लाज वाटते.

"पळून गेला, दादा," मी म्हणालो.

दादाने मान हलवली. रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

"बरं. मंग हितनं पुढं मशीन तूच बघ. मी काय आता यायचो न्हाई."

तो चालत शटरपर्यंत गेला. तिथे थांबला. मला वाटलं, आता कुत्र्याला हाक मारेल, सोबत घेऊन जाईल.

त्याने हाक मारली नाही. एकटाच निघून गेला.

तेव्हापासून दादा गाळ्यावर आलेला नाही. माझ्याशी नीट बोलतो, जेवायला वाढलं का विचारतो. तो विषय मात्र कधीच काढत नाही. कव्हर मी रोज संध्याकाळी घट्ट बसवतो. सकाळी ते भिंतीला टेकलेलं असतं.

मी मशीनसमोर उभा राहिलो, की पायाशी कुणीतरी येऊन बसतं...

आणि मला हात आत घालावाच लागतो.