चष्म्यातलं बर्फाचं रान

बसा जवळ. हसायचं असंल तर आत्ताच हसून घ्या. ही गोष्ट वडगाव रासाईच्या आपल्या अनिसची. त्यानं मला सोता सांगितली, आन् त्यो थापा मारणारा माणूस न्हाई.

गेल्या डिसेंबरातली आठ तारीख, सोमवार. दिवस मावळल्यावर अनिस पोरीला, सुमैयाला, घिऊन हायवेवरच्या दवाखान्यात गेला. सहा वर्षांची पोर, उकळत्या दुधानं हात भाजलेला. ड्रेसिंग बदलायचं म्हंजी तिचा जीव जायचा. पण तिथल्या तेजश्री सिस्टरकडं एक डबड्यासारखा चष्मा होता, आत खेळ दिसणारा, व्हीआर म्हणत्यात तसला. डोळ्याला लावला की पोरगं बर्फाच्या रानात. तिकडं ते गोळे फेकत बसायचं, इकडं पट्टी बदलून व्हायची. सिस्टरचा नेम एकच. पोराला त्या बर्फातल्या झोपडीपर्यंत चालत आणायचं, तिथं खेळ संपला की मगच चष्मा काढायचा.

त्या राती अनिसला घाई. उसातल्या रस्त्याला बिबट्या दिसला होता.

"सिस्टर, उरका की. काढा तो चष्मा!"

सव्वानऊला तिनं काढला, पोर झोपडीपर्यंत पोचायच्या आधीच.

सुमैया म्हणाली, "अब्बा, चष्मा काढा ना."

चष्मा तर सिस्टरच्या हातात...

"काढलाय, बेटा."

"न्हाई. समदीकडं बर्फच हाय. आन् एक पोरगं हाय. माझा हात धरलाय त्यानं."

डोळे उघडे. बापाकडंच बघतीय, पण बाप दिसंना. सिस्टर भिंतीला टेकली. मागच्याच महिन्यात चार वर्षांचा स्वराज... चष्मा डोळ्यावर असतानाच गेला होता.

तिनं सुमैयाला चष्मा परत लावला. "झोपडीकडं चल, बाळा."

"त्यो सोडत न्हाई... म्हणतो, मलाबी ने."

कुणाचं तरी लेकरूच की ते. पण आपली पोर आत.

"हात सोडव, सुमैया. एकटी ये."

"अब्बा, त्यो रडतोय."

"ये म्हणतो ना!"

आली. चष्मा निघाला, तशी बापाच्या गळ्यात पडली. आज शाळेत जाती, धडधाकट हाय. अनिस मात्र हे सांगताना माझ्याकडं बघत नव्हता.

चष्मा तवापासनं कपाटात, कुलपात. त्याचा डोक्याचा पट्टा सिस्टर रोज सैल करून ठेवती.

सकाळी कपाट उघडावं...

पट्टा आवळलेला. चार वर्षांच्या डोक्याला बसंल, एवढा.