बुधवारचा तास

"तुमच्या भिंतीला भेग आहे… मला ती बघायचीय."

पहिल्याच भेटीत असं बोलणाऱ्या माणसाला तसबिरींच्या दुकानातल्या फ्रेमवालीने खरं तर दारातूनच वाटेला लावायला हवं होतं. पण त्याच्या खांद्यावर शिडी होती, केसांत चुन्याची पूड होती, आणि उंबऱ्यात तो इतका अवघडून उभा होता, की तिने हातातली काच खाली ठेवली. "बघा की. चपला मात्र काढू नका हं, खाली काचेचे तुकडे आहेत."

गल्लीच्या तोंडाशी भुयारी स्टेशन होणार होतं. खोदकामाला अजून सहा महिने होते. तोवर आसपासच्या जुन्या भिंती जागच्या हलतात का, हे बघायचं काम या इंजिनिअरकडे होतं. प्रत्येक भेगेवर तो काचेची पातळ पट्टी आडवी चिकटवायचा. भिंत केसभर सरकली तरी पट्टी तडकणार! शिवाय भेग कधीची, कशाने पडली, तेही वहीत लिहायचं. त्यामुळे गल्लीचा सगळा इतिहास त्याच्याकडे गोळा होत होता. इथे पूर्वी कालवा होता, काठावर रंगारी राहायचे, पाणी एक दिवस लाल तर एक दिवस निळं असायचं…

फ्रेमवालीची भेग मात्र बिचारी अगदीच साधी. कालवा बुजवला त्या वर्षी पडली आणि आजोबांनी तिच्यावर आरसा टांगला. संपला इतिहास.

तरी तो रोज सकाळी यायचा. पट्टी बघायचा, "ठीक आहे" म्हणायचा आणि पाच मिनिटांत शिडी उचलायचा. त्या पाच मिनिटांसाठी ती हल्ली केस दोनदा विंचरत होती, आणि घरातली तिची आत्या ते बघून न बघितल्यासारखं करत होती.

सगळं छान चाललं होतं. पण बुधवार उजाडायचा आणि तो समोरच्या माडीवर, गाण्याच्या बाईंकडे जायचा. चांगला एक तास दहा मिनिटं! ही काही घड्याळ बघत नव्हती. घड्याळच समोर टांगलेलं, त्याला ती काय करणार? वरून मध्येच एखादा सूर ऐकू यायचा, मग हसणं. बाई दिसायला छान, बोलायला त्याहून छान. फ्रेमवालीचा नुसता जळफळाट व्हायचा. रोजची पाच मिनिटं म्हणजे नोकरी आणि बुधवारचा तास म्हणजे आवड, असा हिशोब तिने मनाशी पक्का करून टाकला.

"अगं, त्या काचेने तुझं काय घोडं मारलंय?" तिसरी काच चुकीची कापली गेल्यावर आत्याने विचारलं.

गुरुवारी तर तो येऊन कौतुकाने सांगू लागला, "बाईंना कालव्यावरच्या नावाड्यांची गाणीसुद्धा येतात, माहितीये?"

"आमच्याकडे गाणी नाहीत. खिळे आहेत. हवेत?"

तो गोंधळून हसला… आणि हसताना इतका गोड दिसला, की तिला आणखीच राग आला.

पुढच्या बुधवारी तो माडीचा जिना चढला आणि हिचा संयम संपला. स्टुलावर चढून तिने पट्टीवर काच कापायची हिरकणी फिरवली. रोज पन्नास काचा कापणारा हात तो. एक रेघ, एक टिचकी. टक्!

"अहो इंजिनिअर! पट्टी तुटली!"

तो दोन-दोन पायऱ्या गाळत खाली आला. तिला आतून उकळ्या फुटल्या, पण त्याचा चेहरा बघितला आणि त्या जिरल्या.

"खोदकामाआधीच भिंत हलली," तो म्हणाला. "म्हणजे ही नऊ घरांची रांगच धोक्याची. आज कळवावं लागेल, आणि उद्या सगळी घरं रिकामी…"

आत्या मटकन खुर्चीत बसली. "अरे, माझा जन्म या घरातला!"

तो शिडीवर चढला. पट्टीच्या तुटलेल्या कडेवरून त्याने बोट फिरवलं.

"लिहू नका काही," फ्रेमवाली खालून म्हणाली. "पट्टी मी कापली."

"दिसतंय. भिंत इतकी सरळ रेघ मारत नाही." तो हळूहळू खाली उतरला. "पण… का?"

"का म्हणजे? तुम्ही त्यांच्याकडे तास-तास बसता, हसता… आणि मला नाही बघवत ते!"

बोलून गेली आणि शरमेने तिला मान वर करवेना.

"बाईंच्या घरी एकोणीस भेगा आहेत," तो सावकाश म्हणाला. "एकीला साडेतीन मिनिटं. आणि नियमाप्रमाणे प्रत्येक घर आठवड्यातून एकदाच बघायचं असतं."

"एकदाच? मग माझ्याकडे… रोज?"

तो शिडीची खुंटी उगाचच घट्ट करत होता. कान लालभडक झाले होते.

"मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं हो," आत्या म्हणाली आणि चहाच्या निमित्ताने आत गेली.

त्याने पट्टी तुटल्याच्या नोंदीचा कागद काढला. "खोटं मी लिहीत नाही. कारणाच्या जागी काय लिहू?"

तिने त्याच्या हातातून पेन घेतलं. अक्षर नीट काढत लिहिलं. 'भिंत ठीक आहे. पट्टी मालकिणीने मत्सरापोटी कापली. तिला इंजिनिअर आवडतो.'

"आमचे साहेब वाचतील हे…"

"वाचू देत."

त्याने ते दोनदा वाचलं. मग कागद गुडघ्यावर ठेवून खाली लिहिलं, 'प्रत्यक्ष पाहणी केली. इंजिनिअरलाही ती फार आवडते.' आणि तारखेसकट सही केली.