एक जण जोडलेला आहे

२००७ सालची गोष्ट. घरोघरी जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करायचं माझं काम. घर पेठ वडगावात, कोल्हापुरात शाहूपुरीला छोटं दुकान. दिवाळीनंतर एका दुपारी राजारामपुरीतून शांभवीताईंचा फोन आला. त्या शाळेत शिकवायच्या. त्यांचे वडील, प्रभुलिंग मास्तर, त्याच साली जूनमध्ये गेले होते.

"खिजरभाई, अप्पांचं लिखाण नव्या कॉम्प्युटरवर उघडंना झालंय. जरा येऊन बघा की."

मास्तर शेवटची चार वर्षं आपल्या गारगोटीकडच्या गावाच्या आठवणी लिहीत होते. त्यांचं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर अठ्ठ्याण्णवच्या विंडोजवरच चालायचं, आणि तो जुना कॉम्प्युटर जळाला होता. हार्ड डिस्क तेवढी धड होती. नव्या मशीनवर फाइल उघडली की नुसते चौकोन दिसत.

मी व्हर्च्युअल मशीन टाकलं. म्हणजे नव्या कॉम्प्युटरच्या पोटात, एका खिडकीत, सगळा जुना कॉम्प्युटर चालवायचा. त्या जुन्याला कळतसुद्धा नाही की आपण खरे नाही. दोन दिवस झटापट झाली. माउस खिडकीत शिरला की बाहेर येईना, आवाजाचा ड्रायव्हर मिळेना, नेटवर्क लावलं की सगळंच अडकून बसे. शेवटी आवाज आणि नेटवर्क दोन्ही काढून टाकलं, तेव्हा कुठं फाइल उघडली. नीट मराठीत. शेवटची ओळ अर्धी होती. 'त्या वर्षी आमच्या विहिरीला'

"इथंच गेले," ताई म्हणाल्या. "दुपारी लिहीत होते. अव्वा पलीकडं झोपलीती. दिवेलागणीला चहा घेऊन आली, तवा..."

दारात त्यांची आई, म्हणजे अव्वा, गंगव्वा, उभ्या होत्या. कपाळाला विभूती. त्यांनी पडद्याकडं बघितलं आणि मला विचारलं, "हाक मारली असंल का रं त्यांनी?"

मी मान खाली घालून त्या मशीनची एक प्रत डिस्कवर उतरवायला लागलो.

आठवड्यानं ताईंचा परत फोन आला. खिडकीतलं घड्याळ चुकतंय म्हणाल्या. जाऊन बघतो तर बारा जून, दुपारचे तीन. मास्तर गेले तो दिवस. ताई काम झालं की ते मशीन बंद न करता आहे तसं थिजवून ठेवायच्या. मग उघडलं की जिथं थांबलं तिथून पुढं चालायचं. त्यामुळं घड्याळ मागं राहणं नवं नव्हतं. पण ते मशीन मी बसवलंच नोव्हेंबरात. जूनमध्ये ते थांबणार कसं?

"आणि ही ओळ," ताई हळूच म्हणाल्या, "मी लिहिली न्हाय."

'त्या वर्षी आमच्या विहिरीला पाणी'

"अव्वांनी...?"

"तिला एक अक्षर टाइप करता येत न्हाय."

विहिरीपुढं पाणी येणारच. एखादा हरवलेला तुकडा डिस्कवर सापडला असेल, असं मी सांगितलं. ताईंनी मान डोलावली. घड्याळ लावलं आणि निघालो.

तिसऱ्या वेळी त्यांनी फोनवर काही सांगितलंच नाही. नुसतं म्हणाल्या, "या."

तीन वाजायला आले होते. गल्ली सुस्त पडलेली. खोलीत पंखा बंद, तरी गारठा. विभूतीचा वास होता, आणि त्याच्याखाली ओल्या मातीचा. त्यांच्या लिंगायतांत मयताला मातीत बसवून पुरतात, हे मला नको तेव्हा आठवलं. गंगव्वा कॉम्प्युटरसमोर खुर्चीत बसल्या होत्या, बांगड्या उतरवलेले दोन्ही हात मांडीवर. कीबोर्डला कुणी शिवत नव्हतं आणि पडद्यावर अक्षरं उमटत होती. एकेक. शोधून शोधून टाइप करणाऱ्या म्हाताऱ्या बोटांची गती.

'पाणी... पाणी... गंगव्वा पाणी...'

मी कीबोर्डची वायर उपटली. अक्षरं थांबली नाहीत.

"रोज तीनला," गंगव्वा म्हणाल्या. "तवा मी झोपलेली रं. आता जागी हाय, तर तांब्या ठिवू कुठं?"

ताईंचे डोळे भरले. "खिजरभाई, बंद करा हे. चार दिवस जेवली न्हाय, हितनं हलत न्हाय."

"न्हाय," गंगव्वा म्हणाल्या. "बंद केलं तर ते परत मरतील."

मी त्यांच्या खुर्चीजवळ खाली बसलो. "अव्वा, आपण हे नुसतं थिजवून ठेवतोय. रोज तीच दुपार उघडतीया. त्यांना तिथनं निघताच येईना झालंय. एकदा नीट बंद करू या."

मला ते खरं वाटत होतं का, आजही सांगता येत नाही. गंगव्वा पदर सावरून पडद्याच्या जवळ झुकल्या आणि कन्नडमध्ये म्हणाल्या, "होगि बर्री." जाऊन या.

मी बंद करायची सूचना दिली. पडद्यावर इंग्रजीत निरोप आला, तो मी वाचून दाखवला. "या कॉम्प्युटरला एक जण जोडलेला आहे. बंद केल्यास त्याचा संबंध तुटेल. पुढे जायचं?"

असा निरोप दुसरे कॉम्प्युटर जोडलेल्या, नेटवर्कवरच्या मशीनवर येतो. इथलं नेटवर्क मीच काढून टाकलं होतं.

"व्हय म्हण," गंगव्वा म्हणाल्या.

मी बटण दाबलं. खिडकी काळी झाली. जरा वेळानं लक्षात आलं, मातीचा वास गेला होता.

संध्याकाळी अव्वांनी भाकरी खाल्ली, असं ताईंनी कळवलं. पुढं घड्याळही चुकलं नाही. ताईंनी लिखाण छापून घेतलं, विहिरीची ओळ अर्धीच ठेवून.

त्यानंतरच्या सोमवारी, भर दुपारी, दुकानातल्या डिस्कवर जागा करत होतो. त्या मशीनची एक प्रत मी फाइल उघडली त्याच दिवशी चाचणीसाठी काढून आणली होती. पुसायच्या आधी एकदा चालू केली आणि नीट बंद करायला गेलो. तसाच निरोप आला. आकडा तेवढा वेगळा.

दोन जण जोडलेले आहेत.

दुसरं कोण? अव्वा आठवल्या आणि मी घाईनं राजारामपुरीला फोन लावला. गंगव्वांनीच उचलला. आवाज खणखणीत.

"काय न्हाय अव्वा, सहज केलाता."

"बरं केलंस." मग त्या थांबल्या. कान देऊन ऐकत असाव्यात. "खिजर... तुझ्या मागं बांगड्या कुणाच्या वाजत्यात रं?"

दुकानात मी एकटाच होतो.