लाल ड्रम आणि ‘गोदाई’चं चाक

या रे पोरांनो, असे माझ्यापाशी सरका! मागच्यांनी पुढं या, टाळ घटकाभर खाली ठेवा. आपल्याच धरणातल्या एका जहाजाची गोष्ट सांगतो, आणि एका पोरीच्या पोटात धुमसणाऱ्या आगीचीही!

जहाज बंकटमामाचं. नाव ‘गोदाई’. मामानं पंधरा वर्षं रत्नागिरीकडं समुद्रावर काढली, मग गावी येऊन धरणाच्या पाण्यात दोन डोलकाठ्यांचं शिडाचं जहाज सोडलं. उमापूर, पाटोद्याकडचे पाहुणे येत, दिवसभर काठाकाठानं फिरत, जहाजावरच पिठलं-भाकरी जेवत.

सुट्टीत मामाच्या मदतीला त्याची भाची योगिता आणि तिचा धाकटा भाऊ सोमेश्वर आले होते. धरणाकाठी शेळ्या राखणाऱ्या घरची पोरं! बारा वर्षांची योगिता दोर ओढी, फळ्या धुई, भाकरी वाढी. तिला हवं होतं एकच, सुकाणूचं चाक. आणि ते मिळालं कुणाला? मामाच्या लेकीला, वर्षाराणीला! रत्नागिरीची शाळा सुटली, ती आली, आणि दुसऱ्याच दिवशी मामा म्हणाला, “वर्षे, धर चाक. मी हाय शेजारी.”

“तिलाच कावून? मला कावून न्हाई?” योगितानं बुक्कीनं कांदा असा फोडला की पाकळ्या पार पाण्यात गेल्या.

“तायडे, कांद्यानं काय केलं गं तुझं?” सोमेश्वर म्हणाला.

“गप! न्हाईतर पुढची बुक्की तुला!”

पाण्यात एक लाल ड्रम तरंगायचा. ड्रम आला की उजवीकडं धक्क्याला वळायचं, असा मामाचा नेम. पण एके दिवशी तिथं वळताच खर्रर्र! जहाजाचं पोट खडकाला घासलं.

“वर्षे! ड्रमापाशी वळायचं, एवढं बी कळंना?”

“ड्रमापाशीच वळले, बाबा!” वर्षाराणीचे डोळे भरले.

“पुन्हा असं झालं तर चाकाला हात लावायचा न्हाई!”

योगिताला ते शब्द गुळासारखे गोड लागले! खरं तर तिला दिसलं होतं. पाण्याखाली खडकाचं टेकाड होतं. ड्रम नेहमी त्या टेकाडाच्या पल्याड असे, त्या दिवशी तो अल्याड आला होता, म्हणून वळण थेट टेकाडावर गेलं! पण ती बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी कीर्तनकार महाराज आणि त्यांचे टाळकरी जहाजावर होते. जागा पुरेना म्हणून भावंडांना काठावर ठेवलं, वर्षाराणी मात्र चाकापाशी! योगिता रागानं खडे भिरकावत काठानं चालली होती. तेवढ्यात सोमेश्वर ओरडला, “तायडे, ही केबल बघ!”

काळी केबल थेट पाण्यात गेली होती. पलीकडच्या टोकाला लाल ड्रम, आणि काठावरून त्याचा दोर ओढत होते शेतकरी बबनराव!

“काका, हा ड्रम तुमचा?”

“मग कुणाचा? शेताला पाणी उपसायची माझी मोटार हाय त्याच्यावर! पाणी मागं सरकलं की मोटार सरकवावी लागती. परवाच या अंगाला आणली.”

“अहो, मामाचं जहाज त्या ड्रमाच्या खुणेवर चालतं!”

“आता बया! माझ्या मोटारीला तुमी देव केलं व्हय?”

तेवढ्यात टाळ-मृदंग ऐकू आले. ‘गोदाई’ ड्रमाकडंच येत होती! शिडं फुगलेली, महाराज रंगात आलेले, चाकावर वर्षाराणी.

योगिताच्या मनात आलं, गप्प राहिलं की झालं! आणखी एकदा खर्रर्र, आणि चाक आपलं! पण काल घासलेली फळी आज फुटली तर? वर एवढी माणसं... आणि वर्षाराणीचे ते डोळे!

“वळू नका!” सोमेश्वर बेंबीच्या देठापासून ओरडला. टाळांच्या गजरात कोण ऐकणार!

योगिता पाण्यात शिरली. गेल्या उन्हाळ्यात पाणी आटलं तेव्हा तिच्या शेळ्या त्याच टेकाडावर बसायच्या. धरणात बुडालेल्या जुन्या गावाच्या बांधावरची पायवाट तिला पाठ होती. कंबरभर पाणी, मग मांडीभर, मग गुडघाभर. भर पाण्यात ती टेकाडावर उभी राहिली आणि ओढणी सोडून गरागरा फिरवू लागली!

जहाजावर मामा महाराजांच्या पुढ्यात डोलत होता. वर्षाराणीनं मात्र पाहिलं. ड्रम बाजूलाच होता, पण एवढ्या पाण्यात पोरगी गुडघाभरच कशी बुडालेली? तिनं बापाला विचारलंही नाही, चाक गर्रकन उलट फिरवलं! ‘गोदाई’ कलली, मृदंग घरंगळला आणि जहाज टेकाडाला वळसा घालून खोल पाण्यातून निघून गेलं.

धक्क्यावर सगळं कळलं तेव्हा मामानं कपाळावर हात मारला. “समुद्रात टाकलेली खूण जागची हलत न्हाई. मला वाटलं, हितं बी तसंच! हा ड्रम कुणाचा, एवढं बी विचारलं न्हाई मी. वर्षे, तुला उगंच बोललो.”

“योगिता, पोरी, तू आज सगळ्यांना तारलंस!” महाराजांनी तिच्या गळ्यात स्वतःचा हार घातला. टाळ वाजले.

योगितानं हार काढून हातात धरला. “महाराज, मला कालच दिसलं होतं. वर्षाताईचं चाक जावं म्हणून मी बोलले न्हाई.”

मग वर्षाराणी पुढं आली. “माझं गाव असून मला त्या टेकाडाचा पत्ता नाही, तुला मात्र पाण्याखालची वाटसुद्धा ठाऊक. आता मलाच तुझा हेवा वाटतोय बघ! उद्या तू चाक धर, मी शेजारी थांबते. मला पाण्याखालचं गाव दाखवशील?”

“दावीन की!” म्हणताना योगिताला रडूही आलं आणि हसूही.

तर पोरांनो, आज रात्री देवापुढं हात जोडाल तेव्हा कुणी विचारलं नसताना खरं बोललेल्या त्या पोरीची तेवढी आठवण ठेवा.