नेडकाचा शिक्का

दुपारी डोब्रीने पीठ मळून कापडाखाली ठेवलं. बायको नेडका जाऊन सहा महिने होत होते. उद्या, रविवारी, बल्गेरियातल्या त्यांच्या सेवलिएवो गावच्या रिवाजाप्रमाणे तिच्या कबरीपाशी पाव वाटायचा होता. पावावर उठवायचा लाकडी शिक्का मात्र घरात नव्हता. एका कडेचा टवका उडालेला तो शिक्का डोब्रीनेच नेडकाच्या शवपेटीत ठेवला होता.

मुलाच्या, स्विलेनच्या, खोलीत प्लास्टिकच्या वस्तू छापणारा थ्री-डी प्रिंटर घरघरत होता. नोकरी सुटल्यापासून स्विलेन तिथून फारसा बाहेर येत नसे. डोब्री आत गेला. टेबलावर प्लास्टिकची पिस्तुलाची मूठ होती.

"हे काय?"

"खेळणं आहे, बाबा."

"खेळणं? आणि पडद्यावर निर्वासितांच्या वसतिगृहाचा फोटो कशाला? खाली उद्याची तारीख?"

स्विलेनने पडद्यासमोर हात धरला. संगणकावर चालू असलेल्या ग्रुप-कॉलमधून कुणीतरी हसलं. "म्हाताऱ्याला बाहेर काढ, भाऊ. सगळे तुझ्याकडे बघतायत."

डोब्रीने खुर्ची ओढली आणि दारात मांडून बसला.

"म्हातारा इथेच बसलाय म्हणावं. हा माझा मुलगा आहे, तुमचा भाऊ नाही. तुमच्यापैकी एकाचं तरी खरं नाव माहितीय का याला?"

"बाबा, उठा."

"मला ओलांडून जा. तुझ्या आईला उद्या काय सांगायचं, तेवढं आधी सांग."

खोलीत ताज्या पावाचा वास आला. भट्टी तर अजून पेटवलीही नव्हती.

स्विलेनने प्रिंटरमध्ये वाकून पाहिलं. "तुम्ही फाईल बदललीत?"

"मला टीव्हीचा रिमोट जमत नाही."

"मी पिस्तुलाची नळी छापायला लावली होती. हे गोल होतंय."

त्याने प्रिंटरची वायर उपटली. घरघर थांबली नाही. संगणकातले आवाज मात्र बंद पडले.

थरावर थर चढत गेला. मधे क्रूस उमटला. भोवती अक्षरं. मग कड.

कडेला टवका उडालेला होता.

स्विलेन पलंगावर बसला. बऱ्याच वेळाने त्याने ती मूठ उचलली आणि पायाखाली मोडली. मग बापाशेजारी येऊन, दाराला टेकून, जमिनीवर बसला.

"पोलिसांना तुम्ही सांगणार?"

"आपण दोघं जाऊ. त्यांची नावं तू सांगायचीस. आधी पाव."

डोब्री तो गरम शिक्का घेऊन स्वयंपाकघरात आला. पिठावरचं कापड उचललं.

पिठावर शिक्का आधीच उठला होता. टवक्याच्या जागी चिमूटभर ओली माती होती.