वळणावर तुटणारा करंट

ही गोष्ट घडलेली आहे. ज्याला पटत नाही, त्याने आरमोरीत रईसच्या गॅरेजच्या कोपऱ्यात उभी असलेली निळी स्कूटर बघून यावी.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. मागच्या पौषातली, भर दुपारची आहे.

रईस इलेक्ट्रिक गाड्या दुरुस्त करतो. हात चांगला, जीभ त्याहून चालू. गिऱ्हाइकाची टर उडवल्याशिवाय त्याचा दिवस जात नाही.

स्वातीची मात्र त्याने टर उडवली नाही. ती जंगलातल्या गावात शाळेवर आहे. लहानग्या लेकीला, नंदिनीला, त्या निळ्या स्कूटरवर मागे बसवून रोज जाते-येते.

“रईसभाऊ, चालता चालता करंटच जाते. तेही त्या एकाच वळणावर. वाघानं बाई नेली ना, तिथी. पोरीले घेऊन मी तिथी उभी राहू काय?”

रईसने बॅटरीचा प्लग पाहिला, वायरी हलवून पाहिल्या, गाडी गावभर पळवली.

काहीच नाही.

शेवटी तो एकटाच त्या वळणावर गेला. गाडी मस्त पळत होती. वळण आलं...

करंट गेला.

एकही पाखरू बोलत नव्हतं.

त्याने मागे पाहिलं. ब्रेकचा लाल दिवा लागलेला. या गाड्यांत ब्रेक दाबला की मोटर बंद पडते, तशी सोयच असते. पण ब्रेक त्याने दाबलाच नव्हता.

त्याने दोन्ही हात हँडलवरून काढले.

ब्रेकचा डावा लिव्हर अर्धं बोट आत होता...

चाक अडण्याइतका नाही. करंट तुटण्याइतकाच.

कडेला सुकलेल्या डहाळ्यांचा ढीग होता. वारलू नावाचा एक म्हातारा मोळी घेऊन आला, ढिगापाशी थांबला, त्यावर एक डहाळी टाकली.

“त्या बाईची जागा आहे बाबू. थांबाव, डहाळी टाकाव, मंग जाव. नाई थांबलं त ते थांबवते.”

“काका, डहाळीनं करंट येते काय? स्प्रिंग गेली आहे हिची.”

वारलू हसला नाही. “थांबवते, तेच बरं आहे,” एवढं बोलून तो चालता झाला.

रईसने ब्रेकच्या स्विचची वायर तोडून टेप गुंडाळली. दिवा विझला. गाडी चालू झाली. चोर सापडला, म्हणून स्वारी खूश.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर स्वातीचा फोन आला.

“भाऊ, आज नाई थांबली गाडी.”

“सांगितलो होतो ना मी.”

“पण ओढतच नव्हती. तिघं बसल्यासारखी.” “नंदिनी सारखी पुढी सरकून राह्यली होती. मी म्हटलं, काऊन दाबतेस मले? तं म्हणते... मागच्या बाईले जागा नाई पुरून राह्यली.”



उजाडताच त्याने स्वातीच्या घरून गाडी उचलली. वायर पुन्हा जोडली. ब्रेक दाबला की करंट तुटत होता, सोडला की येत होता. मग मूठभर डहाळ्या घेऊन तो वळणावर गेला.

गाडी थांबली नाही.

तो मागे फिरून पुन्हा गेला. पुन्हा गेला.

“थांबव ना बाई,” तो म्हणाला. त्याला रडू आलं होतं.

लिव्हर जागचा हलला नाही. सागावर पाखरं बोलत होती.

तेवढ्यात वारलू आला. डहाळी हातातच होती. त्याने ढिगाकडे पाहिलं, मग रईसकडे पाहिलं...

आणि डहाळी न टाकताच पुढे निघून गेला.

स्वातीने ती गाडी परत नेली नाही. आता ती बसने जाते. वायर आपण तोडली, हे रईसच्या डोक्यातून जात नाही.

नंदिनी चांगली आहे. खाते, खेळते. फक्त कुठेही बसली, बसच्या सीटवर नाहीतर जेवताना पाटावर, की आधी पुढे सरकते.

मागे जागा सोडते.