आबांच्या गालातली पांढरी जाळी

"पण जाळी फक्त उजव्याच गालात का?" शाल्मलीनं पडद्याकडे बोट दाखवलं.

चिपळूणच्या नव्या दंतकेंद्रात तिचे आबा आ वासून बसले होते आणि त्यांचा गाल आतून भिंतभर दिसत होता. लालसर कातडीवर पांढऱ्या रेघांची नाजूक जाळी. तिथं सारखी आग व्हायची. घरात सगळे म्हणाले, "उष्णता वाढलीय." सब्जा झाला, गुलकंद झाला, जाईचा पाला चघळून झाला. आबांचा लाडका ठेचा बंद झाला. मग आईबाबा हळू आवाजात बोलू लागले आणि शाल्मलीच्या कानावर 'कर्करोग' हा शब्द पडला.

तपासणाऱ्या यंत्रमानवाचं नाव केंद्रात येणाऱ्या मुलांनीच ठेवलं होतं, दातार. तो म्हणाला, "गालाचा कणभर तुकडा तपासून झाला. कर्करोग नाही."

शाल्मलीनं आबांचा हात घट्ट धरला. आबा पुटपुटले, "मग सब्जाच कमी पडला म्हणायचा!"

"सब्जाला बोल लावू नका. आता तोंड मिटा."

तोंडातल्या चिमुकल्या कॅमेऱ्यामुळे पडद्यावर गाल दाढेला टेकलेला दिसला. बरोब्बर जाळीच्या जागी एक काळपट दाढ!

"हिच्यात तर चांदी भरलीय," शाल्मली ओरडली.

"चांदी आणि पाऱ्याचं मिश्रण. त्यातले सूक्ष्म अंश गालाला लागतात. बहुतेकांना त्याचा त्रास होत नाही. पण आबांच्या रक्षक पेशी (रोगजंतूंशी लढणाऱ्या पेशी) त्यांना शत्रू समजतात. ही संपर्क-ॲलर्जी, म्हणजे स्पर्शाचं वावडं."

"माझ्या खोट्या कुड्यांसारखं? गॅदरिंगला काही झालं नाही आणि दोन दिवसांनी कान सुजले!"

"अगदी तसंच. या पेशींना जमायला वेळ लागतो."

"अरे, ही दाढ हिच्या बापाच्या जन्माआधीची आहे!" आबा म्हणाले.

"वावडं उशिरानंही जडतं, आबा. खात्री करू."

दातारनं आबांच्या पाठीवर निरनिराळ्या पदार्थांच्या छोट्या पट्ट्या चिकटवल्या. काही दिवसांनी पाऱ्याच्या पट्टीखाली लाल चट्टा उठला. मग दातारनं जुनी चांदी काढून दाढेत दातांच्या रंगाचं, धातुविरहित मिश्रण भरलं.

जाळी एका दिवसात गेली नाही. शाल्मली रोज विजेरी घेऊन पाहायची. रेघा विरत गेल्या आणि दोनेक महिन्यांनी गाल स्वच्छ गुलाबी झाला.

"दातार," तिनं जेवणाच्या वेळी फोनवरून विचारलं, "कुणाला कशाचं वावडं आहे हे दाढ भरण्याआधीच सांगणारं यंत्र आहे?"

"पट्ट्यांखेरीज काही नाही. लाळेच्या एका थेंबावरून सांगणारं तू बनव."

"बनवीन!"

"बनव गं, बनव," आबांनी ताट पुढे सरकवलं, "पण आधी तो ठेचा वाढ."